तीन वाजता

या आठवड्यात दुसरीचा वर्ग घड्याळ शिकतोय.
चोवीस कागदी थाळ्या, मधोमध पितळी टाचणी,
लांब काटा निळा, आखूड काटा लाल.
मिस फेनेला विचारतात, किती वाजले?
एसिनाम उभी राहून सांगते, "भुकेचे."

मी मदतनीस. त्सेगेरेदा.
पेन्सिलींना टोक काढते, नाकं पुसते, बुटांच्या नाड्या बांधते,
आणि शाळेतून घरी जाणारं प्रत्येक पत्रक
अम्हारिकमध्ये मीच उतरवते.

मंगळवारी विल्होनं माझं मनगट धरलं.
"तुमचं घड्याळ बिघडलंय."
बिघडलं नाही रे.
अदिसमध्ये आम्ही सूर्य उगवल्यावर मोजायला लागतो,
तुमचे सात म्हणजे आमचा एक.
मिनिटकाटा दोघांचा सारखाच,
तासकाटे मात्र रुसल्यासारखे, पाठीला पाठ लावून.
त्यानं थाळी उलटी धरली, तिरकी धरली,
शेवटी भिंतीला टेकून स्वतःच खाली डोकं वर पाय झाला.
"हां," म्हणाला लालबुंद होत. "आता चालतंय."

आणि साल? साल सात-आठ वर्षं मागं. महिने तेरा.
यून-सुलनं बोटं मोजली. ती आठ वर्षांची.
"म्हणजे तुमच्याकडे मी नुकतीच जन्मलेय!"
मग ती दिवसभर रांगत राहिली.
कुणी काही विचारलं की फक्त टँहँ.

बुधवार सगळा हातच्याच्या वजाबाकीत गेला.
गुरुवारी वीज गेली, आणि पाऊण तास आम्ही खिडकीशी
निलगिरीच्या शेंड्यावरची घार बघत बसलो.
मिस फेनेलांनी नोंदवहीत लिहिलं: विज्ञान.

शुक्रवारी वर्गाचा कार्यक्रम. दुपारी तीन.
सकाळी नऊला फाटकावरून निरोप आला,
कुणी म्हातारे आलेत,
अंगावर गाबी, काखेत फडक्यात बांधलेला दाबो पाव.
मला बोलावलंय म्हणतात.

नाओदचे आजोबा, अतो वोल्देयेस.
खिशातून पत्रक काढलं. चार घड्या. माझं अक्षर.
*तीन वाजता.*
आमच्या मोजणीनं नऊ लिहायचे होते.
दोन घड्याळांत जन्म गेला माझा,
घरी एक, कामावर एक,
आणि घसरले ती नेमकी तिथंच.

मी माफी मागू लागले, तर हात हलवून हसले.
दिरे दावाच्या फलाटावर चाळीस वर्षं झेंडी दाखवली त्यांनी.
"गाडी उशिरा यायची. मी नाही."

आता सहा तास माणसाला ठेवायचं कुठं?
वर्गात.
एवढ्याशा खुर्चीत ते मावेनात, गुडघे हनुवटीशी.
नाओद शरमेनं टेबलाखाली.
गणिताला त्यांनाही थाळी मिळाली.
लाल काटे त्यांनी दोन मागून घेतले,
एक इकडे, एक तिकडे, बरोब्बर समोरासमोर,
मग गाल फुगवून हलकी शिट्टी घातली
आणि दोन्ही एकदम फिरवले.
नाओद बाहेर आला तो तेव्हा.
कोपरानं विल्होला ढोसत म्हणाला, माझे आजोबा.

पाव सव्वीस जणांत वाटला.
मापं घेऊन, पट्टी लावून, भांडण करून.
(कडेचा भाजका तुकडा कुणाचा, यावर मतदान झालं.)
यून-सुलला वाटलं आपण पुन्हा मोठं व्हावं,
कारण तान्ह्या बाळांना पाव मिळत नाही असं ते म्हणाले.

दुपारी तीनला पालक आले, गाड्यांचे दरवाजे वाजले,
मुलांनी पाठ केलेलं सगळं म्हटलं, थोडं विसरलं.
पहिल्या रांगेत, मधोमध, अतो वोल्देयेस
गाबीत नाक खुपसून घोरत होते.
कुणी उठवलं नाही.
नाओदनं आपली ओळ मात्र जरा हळूच म्हटली.

सोमवारी नवं पत्रक. सहल, सकाळी आठ.
बोटांवर मोजलं. परत मोजलं. दोन लिहिलं,
सकाळी लिहिलं, खाली रेघ ओढली.
नाओदच्या प्रतीवर जागा उरली होती थोडी.
तिथं बारीक अक्षरात:
आजोबांना केव्हाही पाठवा.