सातची खाच

बेतूलच्या उपकेंद्रात माझी पाळी अकरा ते आठ.
समोर पडद्यावर गावाची रेघ.
दुपारी तिचं पोट खपाटीला जातं:
कौलांवरच्या निळ्या काचा ऊन पितात
आणि वीज तारांतून उलटी चालत येते
माहेरपणाला आल्यासारखी.
ठेवू कुठे? बॅटरी अजून फायलीत आहे.
म्हणून जेटीवरच्या बर्फखान्यात फोन:
"कासिल्दबाय, लावा."
ती दोन्ही कॉम्प्रेसर लावते. ऊन
लादी-लादीनं गोठत जातं.

तिन्हीसांजेला सगळं गाव एकदम घरी येतं.
पंप, मिक्सर, गिझर, टीव्ही;
रेघ सरसर चढते,
पाडेली माडावर चढावा तशी.
तेव्हा दुसरा फोन: "बंद करा, बाय."
पलीकडची घरघर थांबते.
दोघंही लगेच फोन ठेवत नाही.

काल फोन लागलाच नाही.
ट्रान्सफॉर्मर तापत चाललेला,
वरच्या वाड्याचा फीडर तोडावा
तर तिथे खुरसापुढे लादाईन चाललेली,
रुझारीची पोर पेटीवर.
बोट बटणावर ठेवून बसलो.
सात वाजून दोन मिनिटांनी
रेघेत खाच पडली, नेहमीएवढीच,
नेहमीच्याच जागी.
कुणी सांगितलं तिला?

चार वर्षं झाली. कासिल्दबायला मी पाहिलेलं नाही,
दिसली तरी ओळखणार नाही.
सकाळी बाजारात बांगड्यांवरच्या बर्फात
उगाच बोट खुपसतो:
कालची दुपार, अजून गार.
"घेतलो तर घे, नाहीतर हात काढ,"
मासळीवाली खेकसते.
बांगडे महागच आहेत.