वाचन कच्चे

कौहावाच्या चर्चमधल्या जुन्या वहीत
आजोबांबद्दल एवढंच आहे:
नेस्तोरी. वाचन कच्चे. पाठांतर बरे.
हिवाळ्यात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात
सगळं गाव जमायचं, पाद्री परीक्षा घ्यायचा,
आणि अक्षर लागत नसेल तर लग्न लागायचं नाही.
म्हणजे लग्नापुरतं वाचता येत होतं त्यांना.
बाजूला, निराळ्या शाईत:
१९०९, अमेरिकेस.
पुढचा रकाना कोरा.

खालच्या ओळीत हिलिया.
दर दहा वर्षांनी नवी वही, नवा पाद्री,
ती मात्र प्रत्येक वहीत तीच: पत्नी.
विधवा नाही. टाकलेली नाही.
हिलिया म्हणजे आमच्या भाषेत निःशब्द.
नाव ठेवणारे एका दिवसाचे,
नावं ठेवणारे जन्मभराचे,
आणि तिनं दोघांनाही
एकच उत्तर दिलं.

मला ती आठवते ती विणताना.
खिडकीबाहेर सपाट बर्फ, नजर अडेल असं काही नाही,
आणि हातमोज्याच्या अंगठ्यापाशी
दर वेळी एक टाका उलटा.
चुकलं, आजी, म्हटलं मी एकदा.
म्हणाली, माझं आहे हे कळायला नको?

मागच्या शरदात मिशिगनहून पत्र आलं,
"फिनलंडातल्या नातलगांस" अशी सुरुवात.
डोरीन, वय त्र्याहत्तर, गुडघे गेलेले.
तुमच्या आजोबांनी इथं, तांब्याच्या खाणीपाशी,
दुसरं घर केलं होतं. रागावू नका.
मी तुमची सावत्र आतेबहीण.
सोबत फोटो: तिची आई एल्मा, सात वर्षांची,
बर्फगाडीवर, हातात हातमोजे.
मी भिंग आणलं.
अंगठ्यापाशी एक टाका उलटा.

म्हणजे आजीला ठाऊक होतं.
सवतीच्या लेकीच्या हाताचं माप
तिला कुणी कळवलं असेल?
माया होती म्हणावं, तर
रोज सकाळी मुलीला मोजे चढवताना
बापाला तो टाका दिसत असणारच.
वाचन कच्चं असलं तरी
एवढं त्यांना वाचता आलं असेल.

मग वडिलांचा दाखला काढला.
आर्वो. जन्म मार्च १९११.
बोटांवर मोजलं.
दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं.
पाद्रीनं काही विचारलेलं दिसत नाही,
नुसतं लिहिलंय: मुलगा. बाप नेस्तोरी.
आणि त्या खाणीतून दर नाताळला
पाच डॉलर यायचे, वडील सांगायचे,
पाकिटावर वेडीवाकडी अक्षरं:
आर्वोसाठी.

डोरीन आणि मी एकाच रविवारी
समुद्राच्या दोन बाजूंना नळीत थुंकलो.
निकाल आला: संबंध नाही.
ना सावत्र, ना लांबचा.
तिनं पुढचं पत्र तरीही
"तुझी बहीण" म्हणूनच संपवलं
आणि हातमोज्यांचा नमुना मागितला.
मी पाठवला. उलटा टाका कुठे घ्यायचा
तेही लिहिलं.

राहिला सख्खा म्हणावा असा एक.
कौको, माझा भाऊ.
तळ्याकाठच्या सौनाची वाटणी झाल्यापासून
सहा वर्षं बोललेला नाही.
त्याला सांगायला हवं, बाप त्याचाही होता.
काल फोन लावला.
त्यानं उचलला. मागे रेडिओवर
उद्याचं हवामान चाललं होतं.
त्याचा श्वास ऐकू आला,
माझाही त्याला ऐकू गेला असणार.
बराच वेळ आम्ही तसेच,
हिलियाची नातवंडं.