काही न उगवण्याची जागा

एडनच्या इस्पितळाचं तळघर.
भाताच्या पेजेसारखा फिका, गोठलेला थर असतो बशीत,
त्यावर वद्दाहच्या नडगीतले जंतू सारवायचे,
वर सहा टिकल्या मांडायच्या. औषधाच्या.
रात्रभर ऊब द्यायची,
जनरेटर तगला तर.

सकाळी प्रत्येक टिकलीभोवती
एक स्वच्छ वर्तुळ दिसायला हवं,
औषध पोचलं आणि काहीच उगवलं नाही
अशी जागा.
मी ती पट्टीनं मोजते, मिलिमीटरमध्ये.
कॉलेजात होते तेव्हा वर्तुळं एकमेकांना भिडायची,
मोजताना चिडचिड व्हायची.

आज पट्टी खिशातून काढलीच नाही.
टिकलीच्या कडेला येऊन टेकलेत,
दगडाला गवत टेकतं तसे.

वद्दाह बारा वर्षांचा.
हैसहून निघाला तेव्हा दोन्ही पाय धड होते.
खोखात छर्रा घुसला,
लहजच्या तंबूत जखम चिघळली.
तकिय्यानं, त्याच्या आईनं, कॅप्सूल सुट्या घेतल्या,
तीन. मग हातातलं चांदीचं कडं गेलं, आणखी चार.
एकेक उघडून अर्धी पूड त्याला,
अर्धी धाकटीच्या खोकल्यासाठी
कागदात बांधून उशाला.
डॉक्टर म्हणतात, अशानंच माजतात हे.
म्हणोत.
त्या तंबूत मी असते तर
पुडीच बांधली असती.

वहीत लिहिलं: मुकाविम.
सहा रकाने, सहा वेळा.
आमच्याकडे दाद न देणाऱ्या जंतूला हा शब्द,
आणि झुंजणाऱ्या माणसालाही हाच.
गल्लीगल्लीत फवारलाय भिंतींवर,
मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या फोटोंखाली.

तकिय्या जिना उतरून आली, चपला हातात घेऊन.
तिला वाचता येत नाही फारसं.
पण भिंतींनी शिकवलेला तो एक शब्द
तिनं बोटानं शोधला वहीत,
एका ओळीत सहा वेळा,
आणि ओळीच्या सुरुवातीला मुलाचं नाव.
चेहरा उजळला तिचा.
"झुंजतोय ना गं, पोरी, माझा वद्दाह?"

मी बशीवर झाकण ठेवलं.
ते नीट बसत नव्हतं, पुन्हा ठेवलं.

वरून फोन वाजत होता.
सर्जनला विचारायचं असणार,
गुडघ्याच्या खालून, की वरून.
ते बशीत दिसत नाही.