विधान क्रमांक एकोणीस

कलिन्याला, ग्रंथालयाच्या मागच्या कट्ट्यावर
दोनशे चाळीस प्रश्नावल्या, एका रबरबँडात.
भरून आलेल्या प्रत्येक फॉर्मचे मला सहा रुपये,
अर्धवट असेल तर धरत नाहीत.

पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही,
असहमत, पूर्ण असहमत.
पाच चौकोन. खूण एकातच.
पेन आमचं, परत द्या.

चौथं विधान : गरीब माणसं कष्ट टाळतात.
वाणिज्यच्या मुलांनी पटापट खुणा केल्या,
एकाने तर न वाचताच वरून खाली सरळ रांग,
पार्किंगमध्ये कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.
अकरावं विधान उलट गुणांचं आहे,
तिथे पाचाचा एक होतो.
हे त्यांना सांगायचं नसतं.

एकोणीसपाशी हर्षला तांडेल अडली.
'गरीब लोक आपल्यापेक्षा वेगळे असतात.'
टोपण दातांत धरून म्हणाली,
यातलं आपण म्हणजे कोण कोण?

भाषांतर माझंच.
मूळ इंग्रजीत नुसतं 'वेगळे' होतं,
'आपल्यापेक्षा' मी घातलं,
वाक्य उघडं वाटत होतं म्हणून.

सरांनी शिकवलेलं उत्तर दिलं :
तुम्हाला जे वाटेल ते.
ती म्हणाली, मला वाटून काय होणार,
वाक्य तर तुम्ही लिहिलंय.

मला तहसील कचेरीची तीन नंबरची खिडकी आठवली.
उत्पन्नाचा दाखला. रक्कम आकड्यांत, रक्कम अक्षरी.
बाबांनी 'अठ्ठेचाळीस'मधला ठ्ठ चुकवला
आणि मी तो त्यांच्यासमोर दुरुस्त केला,
कारकून बघत असताना.
शिक्का बसला. वसतिगृहाची फी माफ.
परतताना बाबा काहीच बोलले नाहीत,
सिग्नलला उगाच दोनदा बटण दाबलं.

आता सांगायला हवं होतं
की या 'आपण'मध्ये मीही नाही.
पण संशोधकाने मत द्यायचं नसतं,
उत्तरं बिघडतात.

तिने सहमत आणि असहमतच्या मध्ये,
'सांगता येत नाही'चा चौकोन टाळून,
त्याच्या वरच्या कोऱ्या जागेत एक टिंब दिलं.
छोटं. दाबून दिलेलं. कागद मागून फुगला.

रात्री तक्त्यात एक ते पाचच बसतात.
एकशे त्र्याहत्तर क्रमांकापुढे रिकामं ठेवलं
तर यंत्र लाल होतं,
तीन टाकले तर मी.

सहा रुपये गेले.
पेनसुद्धा तिच्याकडेच राहिलं.