चारशे दिवसांचं वर्ष

दगडी किड्यांना भाव आहे.
काटे शाबूत असलेला एक किडा
एर्फूदच्या दुकानात एका शेळीच्या किमतीला जातो,
डोळे सुटे दिसत असतील तर दोन शेळ्या.
प्रवाळांचं तसं नाही.
प्रवाळ किलोवर जातात,
बोटभर शिंगांसारखे, पोत्यातून.
वाकडी शिंगं तर पोत्यातही घेत नाहीत.

ती माझ्याकडे येतात.
बास्सू चर खणायचा, मी घासायचे.
आता बास्सू नाही.
(चराची एक भिंत, मार्च महिना. एवढंच सांगते.)
घासणं आहे.

कोरडा प्रवाळ बोलत नाही.
राखेच्या रंगाचा, मख्ख.
पाणी पडलं की
मधल्या बिंदूपासून कडेकडे पडदे उमटतात,
लिंबाची चकती असते ना, तसे.
पाणी टँकरचं. गुरुवारी. कॅन मोजून.
म्हणून मी तोंडात घोट धरते
आणि दगडावर फवारते.
शेजारची मिमून्त म्हणते, थुंकून समुद्र बघतेस.
बघते.

इथे समुद्र होता हे सांगायला कुणी लागत नाही.
शेळ्यांनाही ठाऊक आहे,
शिंपल्यांवरून खुर घसरतात त्यांचे.
पण माराकेशहून डॉक्टर नजात आली
ती दुकानात गेलीच नाही.
वाकड्यांच्या ढिगापाशी फतकल मारून बसली,
डोळ्याला भिंग लावलं
आणि शिंगाच्या सालीवरच्या रेघा मोजू लागली,
केसाहून बारीक.
दिवसाला एक, म्हणाली.
आतला जीव रोज थोडा चुना चढवायचा,
आपण भिंतीला चढवतो तसा.
चहा गार झाला, त्यावर धूळ बसली.
मग मान वर करून म्हणाली: चारशे.
एका फुगवट्यापासून पुढच्यापर्यंत, थोडं इकडेतिकडे.
एका वर्षात चारशे दिवस.
एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वी.

वर्ष लांब होतं मग?
नाही, वर्ष तेवढंच.
पृथ्वी भरभर गिरकी घ्यायची.
चंद्र जवळ होता.
भरतीला ओढ देऊन देऊन त्यानेच तिला दमवलं,
तसे दिवस लांबत गेले.

म्हणजे भाकरी तेवढीच, तुकडे जास्त.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.
भाकरीचंच असावं.

आणि रात्री?
त्याही लहान.
दिवसरात्र मिळून बावीस तास.

बावीस.
मग ते दोन तास,
पहाटेच्या अजानच्या आधीचे,
गाढवसुद्धा गप्प असतं तेव्हाचे,
बास्सू गेल्यापासून ज्यांची ना ज्यांची
पावलं मी ओळखते,
ते त्या समुद्राला
माहीतच नव्हते.

मी हे तिला सांगितलं नाही.
तिला मुलाबद्दल सांगितलं.
अल्मेरियात प्लास्टिकखाली टोमॅटो खुडतो,
फोनवर पुढच्या वर्षी येतो म्हणतो.
कुठल्या वर्षी, चारशेच्या की तीनशे पासष्टच्या,
ते विचारायचं राहून जातं.
ती हसली, मग हसायचं होतं की नाही
असा चेहरा केला.

निघताना एक शिंग तिने माझ्या तळहातावर ठेवलं.
चांगलंच वाकडं, कोपरात दुमडल्यासारखं.
इथे वादळाने हा आडवा झाला, म्हणाली.
गाळात पडला.
आणि पडल्या जागेवरूनच
तोंड वर करून पुन्हा वाढत गेला.
कोपरापासून कडेपर्यंत किती दिवस?
ते मोजलं नाही, म्हणाली. गाडी सुरू होती.

ते शिंग उशाशी असतं.
त्या दोन तासांत हातात घेते.
अंधारात पाणी लागत नाही,
रेघा नखाला कोरड्याच कळतात.
कोपरावर अंगठा, तिथून वर,
एक, दोन, सतरा, नव्वद.
दोनशेच्या पुढे कुठेतरी नख सटकतं.
मग पुन्हा कोपर.