टोक नसलेली सुरी

गेल्या मे महिन्यात, धक्क्यावरच्या जत्रेत,
एका पोराने माझ्या कमरेची सुरी बोटाने वाकवली
आणि आईला ओरडून सांगितलं: रबराची आहे!
तिकोनी टोपी, डोळ्यावरची पट्टी, गालावरची काजळाची जखम,
सगळं त्या एका शब्दात विरघळलं.
सोमवारी पुन्हा टपाल कचेरीच्या खिडकीमागे,
पाकिटं तोलत, शिक्के मारत,
डोक्यात एकच: खरी हवी.

मग वर्षभर हिंडले.
टेकडीवरच्या रविवारच्या बाजारात, जिथे माणसं
गाडीची डिकी उघडून आपलं घर विकायला मांडतात,
लोण्याच्या सुऱ्या, मासे सोलायच्या,
कुणाच्या तरी लग्नातली केक कापायची,
आणि एक तलवार: मुठीवर कवटी, पात्यावर बारीक अक्षरात
‘भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये’.
ट्रुरोच्या लिलावात दाभणांची डबी दोनशे पौंडांना गेली.
घेणाऱ्याने ती उघडूनही पाहिली नाही.
लोहार म्हणाला, करून देतो, चित्र काढून आण.
काढलं: वाकडं पातं, विंचवाच्या नांगीसारखं टोक.

ते चित्र घेऊनच हेडली नॅनकॅरोकडे गेले.
मासळीबाजाराच्या माडीवर त्याचा शिडांचा कारखाना,
आता नुसती लांबलचक लाकडी जमीन, खडूच्या पुसट रेषा,
आणि डांबराचा वास, जिना चढायच्या आधीच भेटणारा.
म्हातारा चित्र पाहून इतका हसला की खोकला लागला.
‘हे घेऊन डोलकाठीवर चढशील, लव्हडे?
हातातून सुटलं, तर खाली कोण उभं असेल?’

बाकाखालून कॅनव्हासची गुंडाळी काढली त्याने.
दोराचे पेड उघडायचा खुंटा,
इतका जड की लाकूड असून पाण्यात बुडेल.
बैलाच्या शिंगात चरबी, चरबीत खुपसलेली दाभणं,
पन्नास वर्षांत एकावरही गंज नाही.
तळहाताला बांधायचं चामडं,
अंगठ्याच्या जागी त्याच्याच अंगठ्याचा खळगा.
आणि सुरी. सरळ पाठीची, आखूड,
शेवटी टोकच नाही, कुऱ्हाडीने छाटल्यासारखी.

‘मोडली?’
‘मोडली नाही, तोडलीय.
आजा सांगायचा, बंदर सोडायच्या आधी कप्तान
सगळ्यांची टोकं उडवायचा,
दारू आणि पगार यांच्यामधल्या रात्रींसाठी.
सुरी दोरासाठी, पोरी. गळे कापायला सवड कुणाला?
अख्खा दिवस शिवण्यात जायचा.’
‘लुटारूंचासुद्धा?’
‘त्यांची शिडं काय आपोआप शिवली जायची?’

किंमत विचारली. चाळीस, म्हणाला.
पस्तीस, मी म्हणाले.
पंचेचाळीस, म्हणाला, आणि दर गुरुवारी यायचं.
थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या.

गुरुवारमागून गुरुवार.
पेड सुटे केले तरी ताग आपला पीळ विसरायचा नाही,
सोडला की परत त्याच अंगावर वळायचा.
हट्टी आहे, मी म्हणाले.
‘त्या हट्टावरच तर सगळं लटकतं,’ म्हणाला,
आणि माझी गाठ सोडून टाकली, चौथ्यांदा.
खिडकीवर ट्रेवीकबाई पाकीट सरकवताना
माझ्या काळ्या नखांकडे बघतात. विचारत नाहीत.

या मे महिन्यात मी आरडाओरडा केला नाही.
पिंपावर बसले, मांडीवर दोर.
तोच पोरगा आला, पुढचे दोन दात पडलेले.
कमरेकडे बोट: ‘खरी?’
सुतळी ताणली, पातं टेकवलं. आवाजही झाला नाही.
‘हिने माणूस मारलास?’
‘टोकच नाही हिला.’
तो विचारात पडला, थोडा वेळ, अगदी प्रामाणिकपणे.
मग पलीकडे जेगोने तोफेचा बार काढला
आणि पोरगा तिकडे पळाला,
जाताजाता आईला ओरडून:
खरी आहे, पण नुसती कामाची आहे!

ओहोटी लागली होती. होड्या चिखलात कलंडत होत्या.
तिसरा पेड दुसऱ्याखालून की पहिल्याच्या,
नेहमी इथेच चुकते मी.
खुंटा आत सारला,
जरा जागा केली.