नावं ठेवताना

धक्क्यावर बर्फाच्या रिकाम्या पेटीत सापडला,
कोळंबीच्या टरफलांत, मुठीएवढा,
एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरत नव्हतं.
नोमिकीनं स्वेटरात गुंडाळून आणला
आणि माझ्या नुकत्या पुसलेल्या फरशीवर सोडला.
डार्विनहून आलेली नात. ऑगस्टपुरती.
ग्रीक बोलते ती विकतच्या पावासारखं,
सगळे तुकडे सारखे.

तिला नाव हवं होतं भलंमोठं, जुनं.
वहीत यादीच होती: झ्यूस, अपोलो, हर्मिस, पोसायडन.
मी म्हटलं, ठेव बाई कुठलंही,
ज्यांच्यापुढे आता कुणी दिवा लावत नाही
ते देव कुत्र्याला चालतात.
संताचं तेवढं नको.
निकोलाओस म्हणालीस तर सहा डिसेंबरला
अख्खी गल्ली दारात येईल मिठाई मागायला
आणि पाद्री ईस्टरपर्यंत माझ्याकडे बघणार नाही.

झ्यूसनं माझ्या चपलेचा पट्टा खाल्ला.
पोसायडन बादलीभर पाण्याला भिऊन
सोफ्याखाली गेला.
अपोलोनं भर दुपारी, गालिच्यावर,
माझ्या लग्नातल्या गालिच्यावर,
असो.

सेवास्ती कुंपणावरून म्हणाली, कानेला ठेवा,
दालचिनीचाच तर रंग आहे.
पोस्टमन म्हणाला, मेल्तेमी.
हा उन्हाळी वारा त्याची टोपी रोज उडवतो
तरी त्याला प्रिय.
चार दिवस हेच. नाव ठेवायला बसायचो
आणि एकमेकांना नावं ठेवून उठायचो:
माझी करपलेली कॉफी, साकेल्लारिसचं घोरणं,
आणि नोमिकीच्या आईनं पोरीला
धड भाषा शिकवली नाही ते.
हे शेवटचं मी बोलायला नको होतं.
पोर वही मिटून गच्चीवर गेली.

साकेल्लारिस इतके दिवस गप्पच होता.
स्पंज काढायला पस्तीस वाव खाली जायचा तो.
एकदा वर येण्याची घाई झाली,
तेव्हापासून डावा पाय नुसता सोबतीला आहे.
म्हणाला, खाली कुणाला नाव नसतं.
दोरी असते.
एक झटका, ठीक आहे. दोन झटके, ओढा.
आमच्या नावेला होतं की नाव,
निळ्या फळीवर, सोनेरी अक्षरांत,
पण ते वर राहिलेल्यांना वाचायला.

मग काठी टेकत जिन्याच्या पायथ्याशी गेला
आणि वर बघून म्हणाला, एला.
ये.
एकदाच. आम्ही सगळे दिवसभर म्हणतो तसं,
पोरांना, शेळ्यांना, फोन उचलल्यावर,
उकळायला वेळ लावणाऱ्या दुधालासुद्धा.
पोरगी उतरली, नाक पुसत.
तिच्याआधी कुत्रा पोचला होता,
सोफ्याखालून, फरशीवर घसरत,
दोन्ही कान उभे.

झालं. वहीतली पानं तिनं होड्या करून सोडली.

खोड एवढीच, की आता या बेटावर
कुणीही फोन उचलला की हा धावतो.
बेकरीत, बँकेत, एकदा तर मयतीला.
मेलेल्याच्या भावाला वाटलं सांत्वनाला आला,
त्याच्या गळ्यात पडून रडला बिचारा,
तोवर कुणापुढे रडला नव्हता.

एकतीसला बोट सुटली.
धक्क्यावर सगळे ओरडत होते, साकेल्लारिस सोडून.
त्यानं पट्ट्याची दोरी मनगटाला
दोनदा गुंडाळली होती, घट्ट.
कुत्रा कुठेही पळत नव्हता.

रविवारी डार्विनला संध्याकाळ होते
तेव्हा आमची सकाळची दुसरी कॉफी.
फोन वाजतो. मी उचलते,
आणि तोंडातून जायचं तेच जातं.
पलीकडे ती हसते. अलीकडे हा
असेल तिथून येतो,
शेपटीनं फरशी झाडत माझ्या तोंडाकडे बघतो:
बोलावलंस ना? आलो.
आता काय?